अस्तर

नळीवर नाव लिहायचं नाही, असा नियम.
मी लिहिलं: सत्तेचाळीस. चक्राचा एकविसावा दिवस.
तिचं आडनाव मात्र निनावे.

संमतीपत्र मीच वाचून दाखवलं,
मेडिकलच्या ओपीडीत, पंख्याखालच्या बाकावर,
समुपदेशक बाई काटोलला लग्नाला गेल्या म्हणून.
‘गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा’पाशी आले
तेव्हा ती हसली.
‘तुमी पन अस्तरच म्हन्ता होय जी?
मी तं दिवसाचे बारा लावतो, पाचपावलीत.’

तीनदा राहिलं. तीनदा गेलं.
अर्जात त्याला एक चौकोन पुरतो.

तांदळाच्या दाण्याएवढा तो तुकडा
विकरात ठेवला की तासाभरात उसवतो.
ग्रंथी गाळणीवर अडतात,
खाली उतरतात त्या आधारपेशी:
लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या,
हुबेहूब धोटे.
गोळीबार चौकामागे मागांच्या खडखडाटात
मी सतराचा पाढा पाठ केला आहे,
धोटा मला चुकत नाही.

मे अखेर. बाहेर शेहेचाळीस, पेटीत सदतीस.
या गावात पेशींना शरीराइतकं ऊबदार ठेवायचं
म्हणजे यंत्राला थंड करायचं.
साडेतीनला लाईट गेली.
टेंभरे सर फोनवर म्हणाले, बर्फ बघा.
समोरच्या रसवंतीतून अर्धी लादी आणली,
भुसा झटकला, ओढणीत गुंडाळली
आणि पेटीला पाठ लावून बसून राहिले
सहा वाजेपर्यंत.

माझ्या गुडघ्यावर सातवीतला व्रण आहे अजून,
सायकलवरून पडल्याचा.
आणि हे अस्तर
महिन्याला फाटतं, वाहून जातं,
पाचव्या दिवशी पुन्हा अंगभर नवं.
टाक्याची खूण नाही.
आयुष्यात चारशेक वेळा.
एवढं कसब असलेल्या बाईला
आपण कोपऱ्यात बसवून
लोणच्याच्या बरणीची काळजी करत आलो.

संप्रेरक घातलं. दहा दिवस.
इतर बश्यांत धोटे हळूहळू फुगले, गोल झाले,
एकमेकींना लागून बसल्या पेशी,
पाहुणा यायचाय, सतरंजी टाकून ठेवा, अशा.
सत्तेचाळीसमध्ये धोटे धोटेच.
दोनदा मोजले.
शंभरात अकरा.
अकरा म्हणजे नेमकं काय,
ते अजून आम्हालाही नीट कळलेलं नाही.

तिचा फोन आला. ‘माह्या पेशी वाढून राहिल्या का जी?’
एकेकीचा निकाल सांगायचा नाही, हाही नियम.
‘वाढून राहिल्या,’ म्हटलं, ‘छान आहेत.’
खोटं नव्हतं ते.
तरी फोन ठेवल्यावर पाणी प्यायले.

रविवारी ब्लाउजपीस घेऊन गेले.
कूलरच्या फवाऱ्यात मशीन, भिंतीला खडूची मापं,
बादलीत कापडं बुडवलेली.
‘आजच शिव ना,’ मी म्हटलं.
‘कसं शिवू? अस्तर आधी भिजवा लागते बाई.
कोरडंच लावलं तं पहिल्या धुण्यात आटते,
अन् वरचं भारी कापड चुण्या मारते.
मंग लोकं वरच्या कापडालेच नावं ठेवतात.’
‘किती वेळ भिजवायचं?’
तिनं बादलीत हात घातला,
एक टोक चिमटीत धरून पाहिलं.
‘आता ते त्या कापडावर हाय.’

सोमवारी सत्तेचाळीसची एक राखीव बशी
फेकायची होती. ठेवली.
संप्रेरक बदललं, आणखी सहा दिवस.
वहीत ‘कारण’ नावाचा रकाना असतो.
पेन बराच वेळ तिथे टेकून होतं,
शाईचा ठिपका पडला.
मग लिहिलं: अजून भिजायचंय.
सर विचारतील.
विचारू देत.